बंब गेला, धुराडंही गेलं

मार्च 2023. धुळवड खेळून आलेलं एक दाम्पत्य घाटकोपरमधल्या आपल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पहिला संशय गॅस गिझरवर गेला. त्याआधी जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अंघोळीला गेली, बाथरूममध्ये बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी दगावली. तिथंही गॅस गिझरच.

अशी बातमी आली की लोक म्हणतात, गॅस लीक झाला असेल. पण गळती नसली तरी माणूस मरू शकतो.

मुंबईत पाइपचा गॅस नवा नाही. 1860 च्या दशकात इथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून बनायचा; लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात ती आठवण उरलीय. त्या गॅसमध्येच कार्बन मोनॉक्साइड असायचा. 1955 मध्ये बर्मा शेलनं मुंबईत सिलिंडर आणला, 1995 मध्ये महानगर गॅस स्थापन झाली. या दोन्ही गॅसमध्ये हे विष नसतं. पण जळताना हवा कमी पडली की ते जागीच तयार होतं. पाइपच्या एक भाग गॅसला जळायला जवळपास दहा भाग हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती आणायची कुठून?

आमच्याकडे गावी तांब्याचा बंब असायचा. मधोमध जाळ, वर धुराडं, आणि तो बहुतेक पडवीत नाहीतर परसात. धूर झाला की डोळे चुरचुरायचे, माणूस आपसूक बाहेर यायचा. फ्लॅटमध्ये बंबाची जागा गिझरनं घेतली, पण अनेक घरांत धुराड्याची सोय झालीच नाही. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी उघडायचंही त्राण उरत नाही.

म्हणून एवढं कराच :

– गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. जळालेला वायू इमारतीबाहेर जायला पाइप हवाच.
– तोवर बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच अंघोळ.
– दरवर्षी बर्नर तपासून घ्या. निळी ज्योत पिवळी झाली की वापर थांबवा.
– आतून आवाज येईना, तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर’ हे दोन शब्द आधी सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवतो.

अंधेरी-मुलुंडकडे भाड्यानं राहणारी आपल्या गावची पोरं आहेत. त्यांना आजच विचारा, गिझर कुठं बसवलाय?