कराची ते जुहू : सव्वासात तास

माझ्या आजीचा जन्म कराचीचा. मुंबईला ती ‘आपल्याच इलाख्यातलं शहर’ म्हणे आणि आम्ही नातवंडे हसत असू. पुढे जुने नकाशे जमवण्याचा नाद लागला तेव्हा कळले, आजीचे बरोबर होते. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता.

तरी वाट सोपी नव्हती. मध्ये कच्छचे रण. आगगाडी हैदराबाद-सिंध, मारवाड, अहमदाबाद असा वळसा घेई, नाहीतर आगबोट. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेजचे विमान लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणू लागले, पण मुंबईची पत्रे तिथे पुन्हा जमिनीवर उतरत. ही उणीव जे. आर. डी. टाटा आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हेरली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोडवरून पस मॉथ उडवले. एका इंजिनाचे विमान, रेडिओ नाही, सोबत ५५ पौंड टपाल. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांचा.

म्हणजे सव्वासात तास. हा आकडा लिहिताना मी बराच अडखळलो, कारण त्या काळी मुंबईत घड्याळे दोन होती. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ महापालिकेने तेव्हा सोडली नव्हती. जुहूची वेळ त्या घड्याळाची धरली, तर प्रवास जवळजवळ आठ तासांचा होतो! पण टपालखाते सरकारी, त्याचा कारभार प्रमाणवेळेने. म्हणून मी सव्वासातच धरतो.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८७० किलोमीटर. अहमदाबादमार्गे सुमारे १०३०. जेट विमानाला थेट जायला जेमतेम दीड तास. जेआरडींनी मात्र १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथमधून हीच वाट पुन्हा उडून दाखवली. तेव्हा मध्ये सरहद्द होती, पण आकाश उघडे होते.

एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. थेट विमान तर त्याआधीच उरले नव्हते. आता जायचे तर दुबईवरून : सुमारे ३१०० किलोमीटर, नुसते हवेतच पाच तास. दुबईत सव्वादोन तास मोडले की पस मॉथशी बरोबरी. बहुधा जास्तच मोडतात.

आजीचे वडील कराचीच्या नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कुलात शिकवत. शाळा अजून उभी आहे. तिथली जुनी हजेरीपत्रके एकदा पाहावीत, म्हणून दोनदा भाड्याचा हिशोब मांडला. व्हिसाच्या रकान्याशी आलो की वही मिटतो.