समलिंगी प्रेम, मराठी चित्रपटांतील

समाजाने निषिद्ध मानलेल्या समलिंगी नात्याचे मराठी चित्रपटांतील चित्रण. विजय तेंडुलकरांनी रंगभूमीवर हा विषय ‘मित्राची गोष्ट’मधून मांडला (पहा : तेंडुलकर, विजय). जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’त (१९८२) सुधारगृहातील दोन स्त्रियांचे नाते केवळ उपकथानकापुरते येते, पटकथा तेंडुलकरांचीच. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये (२०२५) मात्र समलिंगी नातेच मध्यवर्ती आहे. वडिलांच्या सुतकात मुंबईहून गावी आलेल्या आनंदमागे नातलगांचा लग्नाचा तगादा आहे. आईला त्याचा समलिंगी कल ठाऊक आहे. शेतकरी मित्र बाळ्या त्याला निवडुंगाची बोंडे आणून देतो, शीर्षक त्यावरूनच. सनडान्स महोत्सवात या चित्रपटास जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले.