अणुचाचणीबंदी आणि मुंबई–सुरत किनारपट्टा

अणुबॉम्बच्या चाचणी-स्फोटांवर आंतरराष्ट्रीय करारांनी घातलेली, अथवा एखाद्या राष्ट्राने आपणहून पाळलेली बंदी म्हणजे अणुचाचणीबंदी. पहिला चाचणी-स्फोट १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाला. तेव्हापासून जगात दोन हजारांहून अधिक स्फोट झाले. त्यांतले हजाराहून जास्त एकट्या अमेरिकेचे आणि सातशेहून जास्त सोव्हिएत संघाचे. भारताच्या नावावर १९७४ चा एक आणि १९९८ चे पाच, असे सहा आहेत. आकडा लहान असला, तरी बंदीच्या इतिहासात भारत दोन्ही टोकांना भेटतो. चाचण्या थांबवा, असे सर्वांआधी म्हणणाऱ्या सरकारांत भारत होता आणि सर्वंकष बंदीचा करार तयार झाला तेव्हा त्याला सर्वांत ठाम नकारही भारतानेच दिला. ट्रॉम्बे, तारापूर, सुरत आणि काक्रापार या एकाच किनारपट्ट्यातल्या ठिकाणांवरून हा प्रवास चांगला उलगडतो, म्हणून नोंद त्या अंगाने लिहिली आहे. सुरतेच्या नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या वाचकाला या विषयातली निम्मी गावे ओळखीची असतील.

पहिली मागणी : १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अपेक्षेच्या अडीच पट, म्हणजे १५ मेगाटनांचा झाला. प्रवाळ-खडकाची किरणोत्सारी राख रोंगेलॅप बेटावरच्या रहिवाशांवर आणि ‘डायगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली. नौकेचा बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावला. जपानात संताप उसळला. २ एप्रिलला जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले. संपूर्ण निःशस्त्रीकरणाला वेळ लागेल हे मान्य, पण तोवर निदान हे स्फोट तरी थांबवावेत, असा त्याचा आशय होता. हा ‘तोवर’ लक्षात ठेवावा. पुढे बेचाळीस वर्षांनी भारताची अडचण नेमकी त्याच्यापाशी झाली.

नेहरूंनी केवळ भाषणावर भागवले नाही. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी यांनी तयार केलेला अणुस्फोटांच्या परिणामांविषयीचा ग्रंथ १९५६ मध्ये सरकारच्या प्रकाशन विभागाने काढला. होमी भाभा आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचे त्याला साहाय्य होते. ज्या काळी चाचण्या करणारी राष्ट्रे किरणोत्सारी धुळीची माहिती दडवत होती, त्या काळी एका नवस्वतंत्र देशाने हिशेब मांडून ती लोकांपुढे ठेवली, हे काम आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. प्रारणाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये पंधरा देशांची वैज्ञानिक समिती नेमली. तिच्यातही भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर गेले. कर्करोगावर आयुष्य घालवलेल्या या डॉक्टरकडे अणुबॉम्बचा विषय येण्याचे कारण उघड होते. हवेतील स्फोटातून निघणारे स्ट्रॉन्शियम-९० रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमचे भावंड आहे. ते पावसाबरोबर गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून वाढत्या मुलांच्या हाडांत जाते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले स्ट्रॉन्शियम मोजले गेले. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी चाचण्या थांबवण्याची मागणी करणारा, हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज १९५८ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांना दिला.

मॉस्कोचा करार : १९५८ च्या अखेरीपासून तीन महासत्तांनी पाळलेला विराम १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने मोडला, त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला नोवाया झेमल्या येथे ५० मेगाटनांचा आजवरचा सर्वांत मोठा स्फोट झाला. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर मात्र वाटाघाटींना वेग आला आणि ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अंशतः चाचणीबंदी करार झाला. त्याने वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली चाचण्यांना मनाई केली. जमिनीखाली मात्र मुभा राहिली. ८ ऑगस्टला करार इतर देशांना सह्यांसाठी खुला झाला, त्याच दिवशी भारताने सही केली. फ्रान्स व चीन बाहेर राहिले. चीनचा हवेतील शेवटचा स्फोट १९८० चा. या कराराने दूध स्वच्छ केले, शस्त्रस्पर्धा थांबवली नाही. चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि पुढची तीन दशके तिथेच होत राहिल्या.

भूमिगत चाचण्या वगळण्याचे कारण म्हणून तपासणीची अडचण सांगितली जाई : भूकंप कोणता आणि स्फोट कोणता, हे दुरून ओळखायचे कसे? या प्रश्नावर भारताकडे स्वतःचे उत्तर तयार होत होते. ब्रिटिश अणुऊर्जा खात्याच्या सहकार्याने मुंबईतील ट्रॉम्बे अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९६५ च्या सुमारास कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची साखळी उभारली. एकाच यंत्राऐवजी अनेक यंत्रे ठरावीक अंतरांवर ठेवली की दुरून येणारी क्षीण लहर प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. त्या वेळांच्या फरकावरून दिशा व अंतर काढता येते आणि सर्व नोंदी जुळवून बेरीज केली की स्थानिक गोंगाट मागे पडून मूळ लहर उठून दिसते. स्फोट सर्व बाजूंना सारखाच बाहेर ढकलतो, तर भूकंपात खडक प्रस्तरभंगावरून घसरतो. त्यामुळे स्फोटात आरंभीच्या लहरींच्या मानाने पृष्ठभागावरच्या लहरी दुबळ्या असतात. भूकंपात त्या जोरकस असतात. हा फरक मोजला की बहुतेक वेळा निवाडा होतो. इतर देशांच्या भूमिगत स्फोटांच्या नोंदी गौरीबिदनूरला होत राहिल्या; मे १९९८ मध्ये पाकिस्तानच्या चाचण्यांच्या तीव्रतेचा अंदाज ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्याच नोंदींवरून काढला. म्हणजे दुसऱ्याचा स्फोट ओळखण्याची विद्या आणि स्वतःचा स्फोट घडवण्याची विद्या एकाच संस्थेत वाढली.

पोखरण, १९७४ आणि तारापूर : १८ मे १९७४ रोजी सकाळी राजस्थानात पोखरण येथे भारताने भूमिगत स्फोट केला आणि तो शांततेसाठी असल्याचे जाहीर केले. १९६३ च्या कराराचा त्यात भंग नव्हता. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर तर भारताने सहीच केली नव्हती. मात्र स्फोटाचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतले होते. भट्टी कॅनडाची, तिचे जड पाणी अमेरिकेचे, आणि दोन्ही शांततामय वापराच्या अटीवर दिलेली. कायद्याचा कीस काढून भारताची बाजू मांडता येते. ती अनेकांनी मांडलीही. पण देणाऱ्यांचा विश्वास गेला तो गेलाच. कॅनडाने सहकार्य तोडले. लंडनमध्ये अणुपुरवठादार देशांचा गट जमला तो या स्फोटानंतरच.

या स्फोटाची झळ पुढे तारापूरला लागली. आज पालघर जिल्ह्यात असलेले हे केंद्र १९६९ पासून अमेरिकी समृद्ध युरेनियमवर चालत होते. त्याचा करारही मॉस्को कराराच्याच महिन्यात, ऑगस्ट १९६३ मध्ये झाला होता. १९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेने नवा कायदा केला : सर्व अणुकेंद्रे तपासणीला खुली नसलेल्या देशाला इंधन नाही. पुढे १९८२ मध्ये तारापूरसाठी फ्रान्सकडून इंधनाची सोय करावी लागली.

सुरतचे खासदार : या पेचाच्या ऐन भरात पंतप्रधान होते मोरारजी देसाई. मराठी वाचकाला ते संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाच्या काळातले मुंबईचे मुख्यमंत्री म्हणून आठवतात, आणि ती आठवण गोड नाही. १९५७ पासून ते लोकसभेत सुरतचे प्रतिनिधी होते. जून १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणविषयक खास अधिवेशनात त्यांनी जाहीर केले की उर्वरित जगाने अण्वस्त्रे केली तरी भारत ती करणार नाही किंवा मिळवणार नाही, आणि शांततेच्या नावाखालचे स्फोटही त्याने वर्ज्य केले आहेत. दुसऱ्याने काही देण्याआधीच आपण सोडायचे, असा हा गांधीवादी पवित्रा होता. मात्र त्याच मोरारजींनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांची सर्व केंद्रे खुली करण्याची मागणी फेटाळली आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही करायलाही नकार दिला. स्वतःहून घातलेले बंधन चालेल, दुसऱ्याने लादलेले नाही, ही भारताची आजची भूमिका इतक्या स्वच्छपणे प्रथम त्यांनीच मांडली. भारतीय अणुधोरणाच्या इतिहासात त्यांना मिळणारी जागा फारच अपुरी आहे. त्यांच्या वचनामागे ना करार होता ना संसदेचा ठराव. १९७९ मध्ये सरकार पडले आणि पुढच्या सरकारांवर ते बंधनकारक उरले नाही.

१९८० च्या दशकात इंदिरा व राजीव गांधींनी सहा राष्ट्रांच्या गटातून चाचण्या थांबवण्याची मागणी चालू ठेवली.

सर्वंकष करार : शीतयुद्ध संपल्यावर महासत्ता स्वतःच थांबू लागल्या. लोकांच्या आंदोलनानंतर कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क हे चाचणीक्षेत्र २९ ऑगस्ट १९९१ रोजी बंद झाले. अमेरिकेची शेवटची चाचणी सप्टेंबर १९९२ ची. १९९३ मध्ये सर्वंकष बंदीच्या ठरावाला भारत व अमेरिका यांनी संयुक्तपणे सूचक म्हणून नाव दिले, आणि १९९४ पासून जिनीव्हात वाटाघाटी झाल्या. मग भारत का फिरला? मे १९९५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार बेमुदत वाढवला गेला. पाच देशांची अण्वस्त्रे त्यामुळे जणू कायमची मान्य झाली. चाचणीबंदीला निःशस्त्रीकरणाच्या कालबद्ध कार्यक्रमाची जोड द्यावी ही भारताची मागणी टिकली नाही, आणि संगणक व प्रयोगशाळांतून शस्त्रे सुधारण्याची वाट प्रगत देशांना मोकळी राहिली. त्यावर, ठरावीक ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय करार अमलात येणार नाही असे कलम आले आणि त्या ४४ मध्ये भारताचे नाव घातले गेले. मुंबईत वाढलेल्या राजदूत अरुंधती घोष यांनी हा विषम करार भारत आताही स्वीकारणार नाही आणि नंतरही नाही, असे सुनावले. जिनीव्हात एकमत झाले नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियाने मसुदा थेट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. १० सप्टेंबर १९९६ रोजी तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. विरोधात भारत, भूतान व लीबिया.

भारताचे आक्षेप खरे होते, पण ते संपूर्ण सत्य नव्हते. १९५४ मध्ये नेहरूंनी निःशस्त्रीकरणाची वाट न पाहता स्फोट थांबवायला सांगितले होते. १९९६ मध्ये भारत म्हणाला, आधी निःशस्त्रीकरणाची तारीख सांगा. मधल्या काळात भारत स्वतः चाचणीच्या उंबरठ्यावर येऊन उभा होता. १९९५ च्या डिसेंबरात पोखरणच्या तयारीची बातमी अमेरिकी वृत्तपत्रात फुटली आणि ती तयारी थांबवावी लागली. तत्त्व आणि गरज दोन्ही एकाच वेळी बोलत होती. जिनीव्हात ऐकू आले ते फक्त तत्त्व.

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पाच स्फोट झाले. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम, भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक अनिल काकोडकर आणि संरक्षण संशोधनाचे प्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा त्यांत प्रमुख वाटा होता. पाकिस्तानने २८ व ३० मे रोजी उत्तर दिले. त्याआधीच भारताने पुढील चाचण्यांवर स्वेच्छा-विराम जाहीर केला होता. ११ मेच्या हायड्रोजन बॉम्बची तीव्रता सांगितली त्याहून कमी होती, असा दावा त्या मोहिमेतलेच के. संथानम यांनी २००९ मध्ये केला. काकोडकर व चिदंबरम यांनी तो खोडून काढला. हा वाद केवळ शास्त्रीय नाही : चाचणी अपुरी मानणारे सर्वंकष करारावर सही नको म्हणतात.

काक्रापार आणि विरामाचा मोबदला : पूर्वीच्या सुरत जिल्ह्यात, आता तापी जिल्ह्यात असलेले काक्रापार अणुवीज केंद्र सुरत शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९९३ व १९९५ पासून चालू आहेत. देशी युरेनियमच्या टंचाईमुळे २००८ च्या आसपास भारतातल्या अनेक भट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागत होत्या. ५ सप्टेंबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी चाचणीविरामाचा पुनरुच्चार करणारे निवेदन केले आणि दुसऱ्याच दिवशी अणुपुरवठादार गटाने भारताला सवलत दिली. नागरी यादीतली केंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आली, त्यांत काक्रापारही होते; बाहेरचे युरेनियम मिळू लागले. भारताने पुन्हा चाचणी केल्यास सहकार्य थांबेल, अशी तरतूद अमेरिकेच्या २००६ च्या हाइड कायद्यात आहे. तारापूरला १९७४ नंतर जे गमवावे लागले, ते काक्रापारला विरामाच्या बदल्यात मिळाले.

सगळ्यांनाच हा व्यवहार पटलेला नाही. काक्रापारहून फार लांब नसलेल्या वेडछी येथे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देसाई यांचे संपूर्ण क्रांती विद्यालय आहे. तिथून भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर यांनी १९८७ पासून ‘अणुमुक्ती’ हे नियतकालिक चालवले. अणुबॉम्ब आणि अणुवीज यांची मुळे एकच आहेत, ही त्याची धारणा. अलिबागजवळ राहिलेले माजी नौदलप्रमुख लक्ष्मीनारायण रामदास १९९८ नंतर अण्वस्त्रविरोधी चळवळीत आघाडीवर होते.

सद्यःस्थिती : सर्वंकष करारावर १८७ देशांच्या सह्या आहेत, तरी तो अमलात आलेला नाही. ४४ पैकी भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी सही केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्राएल, इजिप्त व इराण यांनी सही करूनही अनुसमर्थन दिलेले नाही, आणि रशियाने दिलेले अनुसमर्थन नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतले. करार अधांतरी असला तरी त्याची देखरेख यंत्रणा व्हिएन्नाहून चालू आहे. भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, हवेतील अश्राव्य ध्वनी आणि किरणोत्सारी वायू टिपणारी ३२१ केंद्रे त्यासाठी योजलेली आहेत. त्यांपैकी एकही भारतात नाही. उत्तर कोरियाची ३ सप्टेंबर २०१७ ची चाचणी ही आजवरची शेवटची ज्ञात चाचणी. भारताचा स्वेच्छा-विराम १९९८ पासून अखंड आहे, परंतु तो सरकारी निवेदनांवरच उभा आहे. त्याला संसदेच्या कायद्याचा आधार देण्यात आलेला नाही.