कर्जत-खालापुरातले आवाज: रेकॉर्डरमधून घरच्या कम्प्युटरवर कसे आणायचे आणि कसे टिकवायचे?

रायगड म्हटलं की अलिबागचा किनारा आठवतो. पण कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्र नसलेले, सह्याद्रीला टेकलेले तालुके. इथे बाजारात एक मराठी ऐकू येते, आगरी घरात दुसरी, ठाकरवाडीत तिसरी आणि कातकरी पाड्यावर चौथी. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला, त्यात ठाकरी आणि कातकरी या दोन्ही बोलींची नोंद आहे. म्हणजे कागदावर नोंद होऊन सव्वाशे वर्षं होत आली. आवाजाची नोंद मात्र फारच थोडी.

आता खिशात मावेल असा डिजिटल रेकॉर्डर कोणीही घेऊ शकतं. आजीची गाणी, आजोबांच्या आठवणी, आगरी लग्नातले धवले रेकॉर्ड करणारी तरुण मुलं-मुलीही आहेत. अडचण पुढे येते. फाइल रेकॉर्डरच्या कार्डातच पडून राहते, मग कार्ड भरतं, कोणीतरी ते फॉरमॅट करतं आणि आवाज जातो. किंवा एकच कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि मूळ फाइल कुठे गेली हे कुणालाच आठवत नाही. रेकॉर्डिंग थांबवण्याचं बटण दाबलं की काम संपलं असं वाटतं. खरं तर अर्धं काम त्यानंतर घरच्या कम्प्युटरसमोर असतं.

घाई कशासाठी?

वीर भाई कोतवाल यांचा जन्म माथेरानचा. त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या आंदोलनात या डोंगरभागात विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या काळात दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. दस्त्याला भाकऱ्या कुणाच्या घरून जायच्या, पोलीस गावात आले की काय व्हायचं, हे पाहिलेलं सांगणारे आता शोधावे लागतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. ही ठाकर समाजाची वाडी होती. किती घरं गाडली गेली याचा पंचनामा होतो. त्या घरांतली गाणी आणि गोष्टी कुठल्याच पंचनाम्यात येत नाहीत.

घाट चढून गेलं की मावळ-मुळशी. तिथल्या खेड्यांपासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. संग्रह पुढे राज्यभर वाढत एक लाखाच्या वर गेला. नव्वदच्या दशकात बर्नार बेल या कामात आले, त्यांनी ओव्यांचा कम्प्युटरवर डेटाबेस उभा केला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा संग्रह प्रसिद्ध होतो आहे. यातली मेख आकड्यांत आहे. एक लाखाहून जास्त ओव्या आणि आवाज फक्त १२० तासांचा, म्हणजे बहुतेक ओव्यांचे शब्द तेवढे आपल्याकडे आहेत. बाईने ओळ कुठे लांबवली आणि कुठे श्वास घेतला, हे वहीत उतरत नाही.

मोबाइल असताना रेकॉर्डर कशाला?

मोबाइल चालतो. हातात दुसरं काही नसेल तर मोबाइलवरच करा, थांबू नका. फरक एवढाच की मोबाइल बहुतेकदा आवाजावर स्वतःहून प्रक्रिया करतो. समोरच्याचं बोलणं उचलतो आणि मागचे आवाज दाबतो. गाण्यात ढोलकी असेल किंवा चार बायका एकत्र गात असतील तर ही हुशारी नडते. शिवाय मध्येच फोन येतो.

बाजारात झूम, टॅसकॅम, सोनी यांचे छोटे रेकॉर्डर मिळतात. (हे झूम म्हणजे रेकॉर्डर बनवणारी जपानी कंपनी, व्हिडिओ कॉलवालं झूम नव्हे.) काही नव्या मॉडेलमध्ये ३२-बिट फ्लोटची सोय आहे, त्यात आवाजाची पातळी आधी लावावी लागत नाही. पण साध्या रेकॉर्डरवरही काम उत्तम होतं. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी ठेवायची, यंत्र बोलणाऱ्यापासून वीतभर-दीड वीत लांब ठेवायचं आणि माइकवर स्पंजची टोपी घालायची. खोलीतला पंखा बंद करायला विसरू नका. कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नाही.

कधी रेकॉर्ड करायचं हा इथला वेगळाच पेच आहे. पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या पावसाखाली काही ऐकू येत नाही, आणि लावणीच्या दिवसांत कुणाला बसून बोलायला वेळही नसतो. दिवाळीनंतर हवा शांत होते, पण तेव्हाच अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात, ती उन्हाळा सरता सरता परततात. त्यामुळे भात कापणीला आल्यापासून लोक बाहेर पडेपर्यंतचे थोडे आठवडे हाताशी राहतात. नाहीतर भट्टीवर जावं लागतं, आणि तिथे मजुरीची वेळ मोडून कुणाला बोलायला बसवणं बरं नाही.

वेव्ह की एमपी-थ्री?

मूळ रेकॉर्डिंग नेहमी वेव्ह फाइलमध्ये करा. एमपी-थ्री फाइल लहान होते कारण ती आवाजातला काही भाग कायमचा टाकून देते, आणि टाकलेला भाग परत आणता येत नाही. वेव्ह काहीच टाकत नाही, म्हणून जागा जास्त घेते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६-बिट स्टिरिओला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, तर ४८ किलोहर्ट्झ, २४-बिटला साधारण १ जीबी. तेवढ्याच तासाची १२८ केबीपीएसची एमपी-थ्री ५८ एमबीत बसते. तरीही ३२ जीबीच्या कार्डात २४-बिटचे जवळपास ३० तास मावतात, तेव्हा जागेची चिंता करण्यात अर्थ नाही.

लांब रेकॉर्डिंगच्या दोन-तीन फाइल्स झालेल्या दिसल्या तर घाबरू नका. अनेक रेकॉर्डर २ किंवा ४ जीबीला फाइल तोडून पुढची सुरू करतात. ते तुकडे नंतर कम्प्युटरवर जोडता येतात.

कम्प्युटरला जोडताना

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, आणि कारण बहुतेकदा केबल असते. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. रेकॉर्डर जोडला, दिवा लागला, पण कम्प्युटरवर काहीच दिसत नाही, असं झालं की आधी केबल बदलून पाहा. सोनीच्या काही मॉडेलमध्ये यूएसबीची पिन यंत्रातूनच बाहेर सरकते, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरी गफलत पर्यायाची. जोडल्यावर अनेक रेकॉर्डर विचारतात: कार्ड रीडर की ऑडिओ इंटरफेस? ऑडिओ इंटरफेस निवडलं तर रेकॉर्डर कम्प्युटरचा माइक होतो. ऑनलाइन मुलाखतीला ते उपयोगी आहे, पण फाइल्स दिसणार नाहीत. फाइल्स हव्या असतील तर कार्ड रीडर किंवा स्टोरेज निवडा. मग पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडतो. यातलं काहीच जमलं नाही तर कार्ड काढून साध्या कार्ड रीडरमध्ये घाला.

फाइल्स कॉपी करा, कट करू नका. कट करून नेत असताना वीज गेली किंवा केबल हलली तर गोंधळ होतो, आणि पावसाळ्यात इकडे वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर ढग गडगडत असताना हे काम काढूच नका. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची साइझ जुळते का पाहा, फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी ऐका आणि मग ‘सेफली रिमूव्ह’ करून रेकॉर्डर काढा.

रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपला तर फाइल उघडत नाही किंवा शून्य बाइटची दिसते. बऱ्याचदा आवाज कार्डावर असतो, फक्त फाइलची शेवटची नोंद लिहायची राहिलेली असते. अशा कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका. फाइलमध्ये डेटा असेल तर ऑडॅसिटीमधल्या ‘रॉ डेटा’ पर्यायाने ती उघडून पाहता येते. शून्य बाइट दाखवत असेल तर डेटा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लागतं.

नाव द्या, त्याच दिवशी

रेकॉर्डर फाइलला क्रमांकाचं नाव देतो. सहा महिन्यांनी सतरा नंबरच्या फाइलमध्ये कोण बोलतंय हे सांगता येत नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि विषय असा क्रम ठेवला की फाइल्स आपोआप तारखेनुसार लागतात. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं वापरलेली बरी, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नावांची कधी कधी चौकोनं होतात. रेकॉर्डरचं घड्याळही तपासा. सेल बराच वेळ काढून ठेवला की काही यंत्रांची तारीख मागे जाते, आणि आज बोललेल्या आजी कम्प्युटरवर काही वर्षांपूर्वी बोललेल्या दिसतात.

बाकीची माहिती वेगळ्या फाइलमध्ये मराठीत लिहा: कोण बोललं, वय, वाडी, बोली कोणती, कुणी रेकॉर्ड केलं. ‘म्हातारीचं गाणं’ एवढ्या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात आवाजाबरोबर अशी माहिती जोडलेली आहे, त्यामुळे ते रेकॉर्डिंग अभ्यासाला वापरता येतं.

आवाज साफ करावा का?

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे आणि घरगुती कामाला पुरेसं आहे. त्यातला ‘नॉइज रिडक्शन’ वापरायला सोपा आहे. फक्त खरखर असलेला, कुणी बोलत नसलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा आणि मग पूर्ण फाइलवर तो लावायचा. म्हणूनच रेकॉर्डिंगच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसावं. पण हात आखडता ठेवा. जास्त सफाई केली की माणूस पाण्याखालून बोलतोय असं ऐकू येतं.

आणि सगळंच साफ करायची गरज नसते. कर्जत स्टेशनला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. त्या इंजिनांचा आवाज स्टेशनजवळच्या घरात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये येणारच. तो राहू द्या. पन्नास वर्षांनी कदाचित तोच शोधत कुणी येईल. काहीही झालं तरी प्रयोग कॉपीवर करा, मूळ वेव्ह फाइलला हात लावू नका.

घरात जुन्या कॅसेट असतील तर त्याही याच रेकॉर्डरने वाचवता येतात. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून ३.५ मिमीची वायर रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये घालायची आणि कॅसेट वाजवायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती लगेच वाजवू नका, टेपही तुटेल आणि हेडही खराब होईल. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

किती कॉपी, कुठे?

तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा जगभर वापरला जाणारा हिशेब इथेही लागू आहे. एक कॉपी कम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी मोफत मिळते, म्हणजे २४-बिटचे सुमारे १४ तास, तेही ईमेल आणि फोटो रिकामे असतील तर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ती जशीच्या तशी जाते. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज आवळला जातो. हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, या भागातली पावसाळी दमट हवा कुठल्याच यंत्राला मानवत नाही.

ऑनलाइन टाकण्याआधी परवानगी हवी, आणि ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच, त्यांच्याच बोलीत, आवाजात घेतलेली सगळ्यात चांगली. ‘रेकॉर्ड करू का?’ आणि ‘हे मोबाइलवर सगळ्यांना ऐकवू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. काही गाणी विधीच्या वेळीच म्हणायची असतात, काही आठवणींत जिवंत माणसांची नावं येतात. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं, तर ती फाइल घरच्या डिस्कवरच राहील.

कार्ड फॉरमॅट करायचं ते दुसरी कॉपी झाल्यावर आणि ती ऐकून पाहिल्यावर, तेही कम्प्युटरमध्ये न करता रेकॉर्डरच्या मेनूतून, म्हणजे यंत्राला हवी तशी रचना कार्डावर होते. त्याआधी एक एमपी-थ्री कॉपी छोट्या मेमरी कार्डवर टाका आणि ज्यांचा आवाज आहे त्यांच्याकडे नेऊन द्या. वाडीत अजूनही बटणांचे फोन आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर एमपी-थ्री वाजते.