शिस्त कुणासाठी, जबाबदारी कुणाची? साताऱ्याच्या नळापासून शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत

शाळेत जातीवरून काही घडले की एक ठरलेले उत्तर मिळते : "आमच्या शाळेत जातपात नाही, हा शिस्तीचा प्रश्न आहे." मुलाला मागच्या बाकावर बसवले, तर ती शिस्त. वर्ग झाडायला ठरावीक मुलांनाच लावले, तर तेही शिस्तीसाठी. पालक विचारायला गेले की त्यांनाच समजावले जाते की तुम्ही शाळेत जात आणता आहात.

आमचा शिस्तीला विरोध नाही. ज्या चळवळीने शिक्षणाला पहिले स्थान दिले, तिला शाळेतील गोंधळ, कॉपी आणि मारामारी कशी परवडेल? वेळेवर येणे, शिक्षकांचा मान राखणे, शाळेची वस्तू आपली समजणे हे सगळे हवेच. पण वागणुकीचे नियम म्हटले की आम्ही तीन प्रश्न विचारणार. नियम कुणी केला? तो कुणाला लागू आहे? आणि तो मोडला तर जबाब कोण देणार? या तीन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राच्या शाळांच्या इतिहासात आहेत. तो इतिहास कार्यकर्त्यांना माहीत असलाच पाहिजे.

नळ होता, शिपाई नव्हता

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील त्या शालेय दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिले. वर्गात ते एका कोपऱ्यात वेगळे बसत. बसायला घरून आणलेले गोणपाट. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे.

पाण्याचीही तीच कथा. इतर मुलांनी गुरुजींना विचारायचे, नळावर जायचे, तोटी उघडायची, पाणी प्यायचे. भीमरावाला गुरुजींची परवानगी पुरत नव्हती. त्याने तोटीला हात लावायचा नाही, तोटी शिपायाने सोडायची. शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच घेऊन बसायचे.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. ऐकून डोळ्यांत पाणीही येते. पण त्यातली व्यवस्था नीट पाहा. तिथे आरडाओरड नव्हती, मारझोड नव्हती. सगळे कसे नियमाप्रमाणे चालले होते. गुरुजी म्हणू शकत होते, "मी परवानगी दिली होती." शिपाई म्हणू शकत होता, "मला दुसरे काम होते." वर्गातली मुले म्हणू शकत होती, "आम्ही तर काहीच केले नाही." एका मुलाला पाणी का मिळाले नाही, याचा जबाब देणारा माणूस त्या अख्ख्या शाळेत एकही नव्हता. ब्राह्मणी व्यवस्थेची शिस्त अशीच चालते. नियम दुबळ्यावर लादायचा आणि जबाबदारी इतकी वाटून टाकायची की ती कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

"वातावरण बिघडेल" हा युक्तिवाद जुना आहे

ही शिस्त साताऱ्यात जन्मली नाही. त्याआधी ४४ वर्षे, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. शाळेने प्रवेश नाकारला. मुलाने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनेही हात वर केले. कारण काय दिले? एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि बहुसंख्यांचे नुकसान होईल. म्हणजे दुजाभाव करणार इतर, आणि शाळा बंद पडण्याचा दोष येणार त्या एका मुलावर.

१८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने तत्त्व सांगितले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. तत्त्व कागदावर राहिले. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले की उच्च जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून महार-मांगांची मुले शाळांपासून दूर राहतात. पुण्यात या समाजाची लोकसंख्या ५,००० हून अधिक, त्यांच्यासाठी शाळा एक, आणि तिच्यात ३० मुलेही नाहीत. दरवाजा कायद्याने उघडला होता, पण आत बसलेल्यांची वागणूक बदलण्याची जबाबदारी कुणी घेतली नव्हती. फुले इथेच थांबले नाहीत. शिक्षक शेतकरी-कष्टकरी समाजातून यावेत, मुलांत मिसळणारे असावेत, अशी मागणी त्यांनी केली. शाळेतील वागणूक सुधारायची तर आधी मास्तर बदला, हे फुल्यांनी तेव्हाच सरकारला सांगितले होते.

आपल्या शाळांचे नियम वेगळे होते

सनातन्यांना वाटते की शिस्त त्यांनी शिकवली आणि आपण फक्त तक्रारी केल्या. इतिहास वेगळे सांगतो. आपल्या पूर्वजांनी शाळा काढल्या आणि त्या शाळांत वागण्याचे वेगळे नियम घातले.

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत जोतिबा आणि सावित्रीमाईंनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा उघडल्या. त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना त्या मुलीने थेट धर्मालाच जाब विचारला. मुलीने गप्प बसावे हीच ज्या काळात शिस्त होती, त्या काळात या शाळेत प्रश्न विचारणे ही शिस्त होती. आणि जोतिबांनी हा नियम शाळेपुरता ठेवला नाही. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. इतरांना उपदेश करण्याआधी स्वतःच्या घरचे पाणी मोकळे केले.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी जातीजातींसाठी वसतिगृहे काढली, कारण तालुक्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. पण महाराज तिथे थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत समान वागणुकीने घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा सोयीची असली तरी ती कायमची भिंत बनते, हे त्यांनी ओळखले. या हुकमाने वागणूक सुधारण्याचे ओझे मुलाच्या डोक्यावरून काढून शाळेवर टाकले.

त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील नावाचा तरुण जैन वसतिगृहात राहून शिकत होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तो गेला. परत आल्यावर वसतिगृहाने शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाच्या दृष्टीने ही बेशिस्त होती. आमच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातले ते एक मोठे शिस्तीचे वर्तन आहे.

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. झाडलोट आणि धुणीभांडी ही कामे सगळ्यांची. पाळी आली की पाटलाच्या पोरानेही भांडी घासायची. साताऱ्यात भीमराव गोणपाटावर बसला, त्याला तेव्हा २४ वर्षे झाली होती. गाव तेच आणि समाजही तोच. बदल झाला तो नियम करणाऱ्या माणसात. म्हणून "समाज तयार नाही, हळूहळू होईल" असे कुणी म्हणाले की त्याला साताऱ्याची ही दोन वर्षे सांगा : १९०० आणि १९२४.

कायदा आला, गाव आडवे आले

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला, हे आपल्याला माहीत आहे. त्यातली शाळा मात्र आपण विसरतो.

ठरावाने काय झाले? १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावात अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या सरकारी शाळेत बसवायचे ठरवले. सवर्णांनी हल्ले केले, बहिष्कार टाकला आणि अस्पृश्यांच्या पिण्याच्या विहिरीत रॉकेल ओतले. पुढच्याच वर्षी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी कविठ्याचा दाखला दिला. मुलगा शाळेत जाऊन बसतो आणि त्याच्या आईच्या घागरीत रॉकेल येते, इतका शाळेचा आणि गावाचा संबंध सरळ आहे. शाळेची भिंत जातीला अडवत नाही. त्यामुळे शाळेतील वागणूक हा एकट्या मास्तरचा विषय नाही, तो सगळ्या गावाचा विषय आहे.

बाबासाहेबांनी हे ओळखून स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय. या संस्था सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात नागसेन सुरुवातीलाच एक अट घालतो. राजा, तू पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजांसारखा करणार असशील तर नाही. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजाचे मत खोडले तर तो शिक्षा देतो. मिलिंद पंडितांची रीत मान्य करतो आणि मगच चर्चा सुरू होते.

शिक्षणसंस्थेच्या आचारसंहितेचे पहिले कलम आम्हाला हेच वाटते. ज्याच्या हातात शिक्षा करण्याची ताकद आहे, त्याने आधी स्वतःला नियमात बांधून घ्यायचे. बाबासाहेब विद्येसोबत प्रज्ञा, शील आणि करुणा मागत होते. ही मागणी विद्यार्थ्याइतकीच प्राचार्यालाही लागू आहे.

आता आपली पाळी

आज कायदा आपल्या हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या जागा स्त्रियांना आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले पाहिजे. अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर शिक्षणसंस्थेत जाण्यापासून अडवणे हाही गुन्हा आहे.

तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातला नऊ वर्षांचा दलित मुलगा मेला. शिक्षकासाठीच्या माठातले पाणी प्यायला म्हणून त्याला मारले, असा घरच्यांचा आरोप होता. मग देशभर चर्चा कशाची झाली? तिथे माठ होता की नव्हता, याची. मूल मेले, आणि सगळे माठ शोधत बसले. साताऱ्याच्या शाळेत जबाब देणारा कुणी नव्हता, तसाच इथेही जबाब टाळण्याचा रस्ता आधी शोधला गेला.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या कमिटीसाठी वस्तीत चुरस होते. शाळा व्यवस्थापन समितीची निवड कधी झाली, हे मात्र वस्तीला कळत नाही. मुख्याध्यापक सह्या गोळा करतात आणि समिती झालेली असते. ही जागा आपण घ्यायला हवी. वस्तीतली आई त्या समितीत बसली पाहिजे. तिने बैठकीत चार साधे प्रश्न विचारावेत. पोषण आहाराची पंगत कशी बसते? वर्ग आणि संडास कोण साफ करते आणि पाळ्या सगळ्यांना आहेत का? बाकांची अदलाबदल होते का? मुलाला जातीवरून बोलले गेले तर तक्रार कुणाकडे करायची आणि उत्तर किती दिवसांत मिळणार? ही चार उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. उद्या काही घडले तर "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणायला कुणाला जागा राहणार नाही.

आणि आपल्या मुलांकडूनही शीलाची अपेक्षा ठेवा. आपला मुलगा वर्गातल्या पारधी, वडार किंवा मुस्लिम मुलाला चिडवत असेल, मुलींची वाट अडवत असेल, तर त्याला पाठीशी घालू नका. तोटी आपल्या हातात आली की दुसऱ्याला तहानलेले ठेवायचे, हे बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

शाळेची शिस्त तपासण्याची एक सोपी रीत आहे. त्या शाळेतल्या सर्वात दुबळ्या मुलाला विचारा, तुला तहान लागली तर तू काय करतोस? "उठतो आणि पाणी पितो" असे तो म्हणाला, तर ती शाळा शिस्तीची. त्याआधी त्याने कुणाकडे बघितले, तर त्या शाळेत आपले काम अजून बाकी आहे.

जय भीम!