अंतःस्थापित परिचालन प्रणालींची घटक-चौकट
अंतःस्थापित परिचालन प्रणालींची घटक-चौकट : यंत्राच्या पोटात कायमच्या बसविलेल्या लहान संगणकाची परिचालन प्रणाली अखंड न रचता, ठरलेल्या करारानेच परस्परांशी व्यवहार करणाऱ्या स्वतंत्र घटकांतून ती जुळविण्याची व्यवस्था. अशा यंत्राजवळ स्मृती पुष्कळदा काही किलोबाइट इतकीच असते. म्हणून जे काम त्याला कधी करावयाचेच नाही, त्याची आज्ञावली त्यात मुळीच शिरू न देणे हे या चौकटीचे मुख्य प्रयोजन होय.

तत्त्व : तिफणीच्या चाड्यात ज्वारी टाकली काय किंवा हरभरा, नळ्यांना व फणांना त्याची दखल घ्यावी लागत नाही, चाड्याची भोके आणि नळ्यांची तोंडे जुळली की पुरे. घटकांमधील ही तोंडमिळवणी, म्हणजे इंटरफेस, हाच तो करार.

प्रमुख उदाहरणे : सिग्नस या अमेरिकी कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ईकॉस प्रणालीत प्रत्येक घटकाचे पर्याय व त्याच्या गरजा एका स्वतंत्र वर्णनभाषेत नोंदलेल्या असतात. कामांची पाळी ठरविणारे नियोजक तीत दोन प्रकारचे असून त्यांपैकी नेमका एकच निवडावा, अशी अट त्या नोंदींतच असते. निवडीत विसंगती आली, तर ती प्रणाली तयार होण्यापूर्वीच उघडकीस येते. बर्कली येथील टायनीओएस ही संवेदकांसाठीची प्रणाली होय. तिच्या नेससी भाषेत (२००३) वरचा घटक खालच्यास आज्ञा करतो आणि खालचा वरच्यास घटनेची वर्दी देतो. टायनीओएस चालविणाऱ्या मायका-२ या उपकरणात रॅम अवघी ४ किलोबाइट होती.

परभणी व शेती : परभणी येथील कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव) जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांच्या द्वारे डिजिटल शेतीचा अभ्यास करणारे केंद्र उभे राहिले. अशा शेतीतील फवारणीच्या ड्रोनमध्ये तोल सांभाळणे, स्थान ओळखणे आणि पंप चालविणे ही कामे एकाच वेळी चालतात. ती या चौकटीप्रमाणे निरनिराळ्या घटकांकडे सोपविली, तर पंप बदलताना तोल सांभाळणाऱ्या आज्ञावलीस हात लावण्याची गरज पडत नाही.

मर्यादा : टायनीओएससारख्या प्रणालीत घटकांची जोडणी आज्ञावली तयार होतानाच पक्की होते, त्यामुळे प्रणाली आटोपशीर राहते, परंतु पुढे एखादा घटक बदलावयाचा झाल्यास बहुधा संपूर्ण संच नव्याने भरावा लागतो. भर पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या चिखलात सोयाबीनच्या ओळींमध्ये पुरलेला संवेदक त्यासाठी उपटून आणणे किती जिकिरीचे, हे सांगावयास नको. चालू स्थितीतच एखादा भाग रेडिओद्वारे पाठवून बसविण्याची मुभा स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या कॉन्टिकी प्रणालीने दिली; मात्र त्या मुभेसाठी लागणारी यंत्रणा स्वतःच स्मृतीचा काही वाटा घेते. म्हणून संवेदक शेतात पुरण्यापूर्वी, त्यातून काय वगळावे याबरोबरच पुढे काय बदलावे लागेल, याचाही हिशेब रचनाकारास मांडावा लागतो.