देवेगौडा, एच. डी.

देवेगौडा, हरदनहळ्ळी दोड्डेगौडा : (१८ मे १९३३ – ). भारताचे अकरावे पंतप्रधान (१ जून १९९६ – २१ एप्रिल १९९७), त्याआधी कर्नाटकाचे मुख्यमंत्री आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाचे संस्थापक. जन्म हासन जिल्ह्यातील होळेनरसीपूर तालुक्यात हरदनहळ्ळी या गावी, भातशेती करणाऱ्या वक्कलिग कुटुंबात. हासनच्या एल. व्ही. पॉलिटेक्निकमधून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि काही काळ लहानमोठी कंत्राटे घेतली. १९५४ मध्ये चेन्नम्मा यांच्याशी विवाह.

१९५३ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले. सहकारी संस्था व तालुका विकास मंडळ ही त्यांची राजकारणातली पहिली शाळा. १९६२ मध्ये होळेनरसीपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले आणि १९८५ पर्यंतच्या सहाही निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. काँग्रेस फुटल्यावर ते संघटना काँग्रेसमध्ये गेले. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत विरोधी पक्षनेते म्हणून त्यांचे नाव झाले. आणीबाणीत बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. संसदीय समितीच्या कामासाठी शहरात आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधू दंडवते यांनाही अटकेनंतर याच तुरुंगात ठेवले होते. पुढे वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार गेल्यावर पंतप्रधानपदी आलेले गौडाच, आणि त्यांच्याच कारकिर्दीत दंडवते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळात गौडांकडे सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे ही खाती होती. हेगडे शहरी, सफाईदार, दिल्लीच्या पत्रकारांचे लाडके. गौडा धरणांच्या आकडेवारीत रमणारे. दोघांचे कधी जमले नाही. सिंचनाला पुरेसा निधी मिळत नाही म्हणून गौडांनी मंत्रिपद सोडले. १९८९ मध्ये ते होळेनरसीपुरातच हरले. मात्र १९९१ मध्ये हासनमधून लोकसभेत पोचले. १९९४ मध्ये त्यांच्या प्रदेशाध्यक्षपदाच्या काळात जनता दलाने २२४ पैकी ११५ जागा जिंकल्या आणि ११ डिसेंबर १९९४ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

दीड वर्षाची ही कारकीर्द त्यांच्या पंतप्रधानपदापेक्षा कमी चर्चिली जाते, पण कर्नाटकावरचा तिचा ठसा अधिक टिकाऊ आहे. हुबळीच्या ईदगाह मैदानाचा चिघळलेला वाद त्यांनी वाटाघाटीने शमवला. मागासवर्गीयांच्या यादीतील ‘२ ब’ प्रवर्गात मुस्लिमांना चार टक्के आरक्षण लागू केले. बंगळुरू-म्हैसूर पायाभूत सुविधा मार्गाचा (‘नाइस’ रस्ता) सामंजस्य करार १९९५ मध्ये त्यांच्याच सरकारने केला. याच प्रकल्पात शेतकऱ्यांची गरजेपेक्षा जास्त जमीन जाते, असे म्हणत पुढे अनेक वर्षे ते त्याच्याविरुद्ध लढत राहिले. ही विसंगती त्यांच्या विरोधकांनी त्यांना कधी विसरू दिली नाही.

१९९६ च्या निवडणुकीत भाजपला १६१ व काँग्रेसला १४० जागा मिळाल्या. जनता दलाला ४६, त्यांपैकी १६ एकट्या कर्नाटकातून. वाजपेयी सरकार गेल्यावर तेरा पक्षांच्या संयुक्त आघाडीने विश्वनाथ प्रताप सिंह यांना विचारले; त्यांनी नकार दिला. ज्योती बसूंना त्यांच्याच पक्षाने परवानगी नाकारली. मग पद गौडांकडे आले. त्यांना अपघाताने पंतप्रधान झालेले म्हणतात ते या अर्थाने खरे. पण त्या सोळा जागांमागची बांधणी अपघाती नव्हती. हेगडे यांची काही दिवसांतच जनता दलातून हकालपट्टी झाली.

हिंदी न येणाऱ्या या पंतप्रधानाने लाल किल्ल्यावरचे हिंदी भाषण कन्नड लिपीत लिहून घेऊन वाचले आणि त्यातच वेगळ्या उत्तरांचल राज्याची घोषणा केली. सभेत डुलक्या घेतानाची त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी आवडीने छापली. काम मात्र पुढे सरकत होते. सप्टेंबर १९९६ मध्ये महिला आरक्षण विधेयक प्रथम लोकसभेत मांडले गेले, दिल्ली मेट्रोला मंजुरी मिळाली आणि जम्मू-काश्मीर विधानसभेची १९८७ नंतरची पहिली निवडणूक झाली. १२ डिसेंबर रोजी बांगलादेशाशी गंगा पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार झाला. सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर सही करण्यास भारताने नकार दिला. पी. चिदंबरम यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकराचा कमाल दर ४० वरून ३० टक्क्यांवर आणला.

पाणी हाच गौडांचा खरा विषय. रखडलेल्या धरणांसाठी केंद्राचे कर्ज देणारा वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम १९९६-९७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील गोसीखुर्दलाही पुढे त्यातून पैसा मिळाला. अलमट्टीने मात्र त्यांना अडचणीत आणले. धरणाची उंची ५२४ मीटरपर्यंत नेण्यास आंध्र प्रदेशाचा विरोध होता आणि आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू हेच आघाडीचे निमंत्रक होते. पंतप्रधान कर्नाटकाला झुकते माप देतात, हा आरोप घरातूनच होत होता. (त्या उंचीचा प्रश्न सांगली-कोल्हापूरकरांसाठी आजही पुराशी जोडलेला आहे.)

काँग्रेसचा पाठिंबा बाहेरून होता. पक्षाध्यक्ष सीताराम केसरी यांनी ३० मार्च १९९७ रोजी तो काढला. ११ एप्रिल रोजी सरकार विश्वासमत हरले आणि इंद्रकुमार गुजराल पंतप्रधान झाले.

जुलै १९९९ मध्ये जनता दल फुटले आणि गौडांनी स्वतःचा पक्ष काढला. बंगळुरूतील पद्मनाभनगरचे त्यांचे घर हेच त्याचे खरे कार्यालय ठरले. त्याच वर्षी हासनमध्ये काँग्रेसच्या जी. पुट्टस्वामी गौडा यांनी त्यांचा पराभव केला. २००२ च्या पोटनिवडणुकीत कनकपुरातून ते लोकसभेत परतले व २००४, २००९, २०१४ मध्ये हासनने त्यांना निवडून दिले. दरम्यान पक्ष घराभोवती आकसत गेला. २००५ मध्ये सिद्धरामय्या पक्षाबाहेर गेले आणि पुढे काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. पुत्र एच. डी. कुमारस्वामी २००६ मध्ये भाजपच्या आणि २०१८ मध्ये अवघ्या ३७ आमदारांनिशी काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री बनले; दुसरे पुत्र एच. डी. रेवण्णा मंत्री होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कावेरी व्यवस्थापन मंडळ स्थापण्याच्या आदेशाविरुद्ध ८३ वर्षांचे गौडा विधानसौधातील गांधी पुतळ्याजवळ उपोषणाला बसले, तेव्हा पक्षापलीकडची सहानुभूती त्यांना मिळाली. २०१९ मध्ये हासन नातू प्रज्वल यांना देऊन ते तुमकूरमधून लढले व हरले. २०२० मध्ये राज्यसभेवर बिनविरोध गेले.

आयुष्यभर भाजपविरोधाची भाषा करणाऱ्या गौडांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पक्ष राष्ट्रीय लोकशाही आघाडीत नेला. पुढच्या वर्षी कुमारस्वामी केंद्रात मंत्री झाले. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत प्रज्वल यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. परदेशी गेलेल्या नातवाने परत येऊन कायद्याला सामोरे जावे, असे गौडांनी जाहीर पत्र लिहून बजावले. न्यायालयाने २०२५ मध्ये प्रज्वल यांना बलात्काराच्या प्रकरणात जन्मठेप सुनावली. हासनची जागा २०२४ मध्ये काँग्रेसच्या श्रेयस पटेल यांनी जिंकली. ते पुट्टस्वामी गौडांचे नातू.